ओआरएसची पुडी आणि ग्लुकोजची पावडर: जुलाब झालेल्या बाळाला नेमकं काय द्यायचं

दोन्ही पांढऱ्या पावडरी. दोन्ही पाण्यात विरघळतात, दोन्ही मेडिकलमध्ये मिळतात, आणि दोन्हींमध्ये ग्लुकोज असतं. त्यामुळे एक-दीड वर्षाच्या मुलाला सकाळपासून पाच-सहा पाण्यासारखे जुलाब झाले की घरात जे असेल ते कालवून दिलं जातं. ओआरएस संपलंय का? मग ग्लुकोज आहे ना, 'अंगात ताकद येईल'. दवाखान्यातल्या सलाइनलाही आपल्याकडे सर्रास 'ग्लुकोज चढवलं' म्हणतात, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

जुलाबात मात्र ही दोन पाणी एकमेकांच्या जवळपास उलट काम करतात. एक आतड्यातलं पाणी रक्तात ओढून घेतं, तर घट्ट कालवलेलं दुसरं रक्तातलं पाणी आतड्यात खेचतं.

ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसते. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे, म्हणजे मिठातल्या मुख्य घटकाचे, दोन कण एकाच वेळी आत घेतं. दोन्ही सोबत असले तरच ते चालतं, आणि ते आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. रोटाव्हायरस असो वा कॉलरा, आजार चालू असतानाही ही वाट बऱ्याच अंशी उघडी राहते. जुलाब थांबलेले नसताना ओआरएस लागू पडतं ते यामुळेच. ग्लुकोज इथे मिठाला आत नेण्याचं काम करतं, म्हणून ते मोजून-मापूनच हवं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2002 पासून शिफारस केलेल्या सूत्रात एक लिटर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. एकूण 20.5 ग्रॅम. मिलिमोल या कणांची संख्या सांगणाऱ्या मापात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला 75, म्हणजे समसमान. सगळं मिळून द्रावणाची तीव्रता, म्हणजे लिटरमध्ये विरघळलेल्या सगळ्या कणांचं माप, 245 मिलिऑस्मोल भरते. आपल्या रक्ताची 290च्या आसपास असते. ओआरएस रक्तापेक्षा किंचित पातळ असतं, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. आधीच्या सूत्राची तीव्रता 311 होती. ती कमी केल्यावर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाइन लावायची वेळही कमी येऊ लागली. एवढ्याशा फरकाने इतकं बदलतं, यावरूनच प्रमाण किती नाजूक आहे ते कळावं.

आता ग्लुकोजची पावडर पाहा. तिच्यात जवळजवळ सगळं ग्लुकोजच असतं. काही प्रकारांत थोडी खनिजं किंवा जीवनसत्त्वं घातलेली असतात, पण जुलाबातून जाणारं सोडियम भरून काढण्याइतकं मीठ त्यात नसतं. 200 मिलीच्या पेल्यात 20 ग्रॅम पावडर कालवली तर तीव्रता पाचशेच्या वर जाते. आजारी आतड्याला एवढी साखर शोषता येत नाही. उरलेली साखर आतड्यात पाणी खेचते आणि पुढची शी आणखी पातळ, आणखी मोठी होते. पालकांना वाटतं आजार बळावतोय, म्हणून ते आणखी ग्लुकोज देतात. आणि पावडर अगदी पातळ कालवली तर? मग मीठ जातच राहतं, वर नुसतं गोड पाणी पडतं. रक्तातलं सोडियम खाली येऊ लागतं, मूल सुस्तावतं, फारच खाली गेलं तर झटके येऊ शकतात. निरोगी माणसाने उन्हातून आल्यावर ग्लुकोज प्यायला काहीच हरकत नाही. जुलाब झालेल्या बाळासाठी ते नाही.

याच रांगेत तिसरी एक वस्तू बसते आणि ती जास्त फसवी आहे: फळांच्या चवीची तयार 'इलेक्ट्रोलाइट' पेयं. यांतल्या काहींच्या नावातच बरीच वर्षं 'ओआरएस' ही अक्षरं होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. अखेर 14 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात कुठल्याही रूपात हा शब्द वापरायला मनाई केली. त्याआधी 'हे शिफारस केलेलं ओआरएस नाही' अशी सूचना छापून तो वापरायची मुभा होती, आणि ती सूचना रडणारं बाळ कडेवर घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या आईला वाचता येणं अवघडच होतं. नाव बदललं तरी आतलं पेय तेच राहू शकतं. म्हणून नावावर जाऊ नका, मागची बाजू वाचा.

वाचायचं काय? साखर आधी बघा. खऱ्या ओआरएसमध्ये 100 मिलीला 1.35 ग्रॅम ग्लुकोज असतं. तिथे 8, 10 असे आकडे दिसले तर ते सरबत आहे. दुसरी खूण अशी: ओआरएस हे औषध आहे, त्यामुळे पुडीवर 'ओरल रीहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.' (आय.पी. म्हणजे भारतीय औषधकोश) असं लिहिलेलं असतं, चारही घटक ग्रॅममध्ये दिलेले असतात आणि औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा क्रमांक दिसला तर ती खाद्यवस्तू आहे. प्रमाणित सूत्राचं तयार द्रव ओआरएसही मिळतं, तेव्हा डबा बघून निर्णय करू नये, सूत्र बघून करावा.

बरोबर पुडी आणली तरी कालवताना घोटाळा होतोच, आणि तो धोक्याचा असतो. पुड्या दोन मापांच्या येतात. मोठी, साधारण 21 ग्रॅमची, एक लिटरसाठी. छोटी, चार ग्रॅमच्या थोडी वर, 200 मिलीसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकली तर पाचपट तीव्र द्रावण होतं. लिटरला 375 मिलिमोल सोडियम! ते प्यायलेल्या बाळाची तहान भडकते, रक्तातलं सोडियम चढतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मोठी पुडी 'चमचा चमचा लागेल तशी' वापरणंही तितकंच चुकीचं आहे. पुडीत मीठ आणि साखर सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही, एका चमच्यात मीठ जास्त येईल, दुसऱ्यात साखर. पुडी फोडली की पूर्ण ओतायची.

एक लिटर मोजायला पाण्याची रिकामी, स्वच्छ धुतलेली एक लिटरची बाटली सगळ्यात भरवशाची. 200 मिलीसाठी घरातल्या स्टीलच्या पेल्यावर विसंबू नका. कुठला दीडशेचा असतो, कुठला अडीचशेचा. दुधाच्या बाटलीवरच्या खुणा चालतील. पाणी आधी उकळून गार करायचं, मग पुडी घालायची. कालवल्यावर उकळायचं नाही, कारण पाणी आटतं आणि प्रमाण बिघडतं. दुधात, रसात, सोड्यात कालवायचं नाही. वर साखर, मध, लिंबू, मीठ काही घालायचं नाही. चव अश्रूंइतपतच खारट लागली पाहिजे, त्याहून खारट लागलं तर फेकून नवं करा. झाकून ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं टाका.

किती द्यायचं हे मुलाच्या अंगातलं पाणी किती कमी झालंय यावर ठरतं, आणि ते चार गोष्टींवरून ओळखतात: मूल कसं वागतंय, डोळे, तहान आणि पोटाची कातडी. कातडी बघताना बेंबी आणि कुशीच्या मधोमध अंगठा आणि बोटाने उभी चिमूट एक सेकंद धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर दिसत राहिली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंद किंवा जास्त राहिली तर फार कमी झालंय. गुटगुटीत बाळात ही खूण उशिरा दिसते, आणि फार कृश मुलात पाणी नीट असतानाही दिसते, म्हणून एकट्या चिमटीवर भरवसा नको. डोळे खोल गेलेत का हे आईला विचारावं. रोजचा चेहरा तिलाच ठाऊक असतो.

मूल खेळतंय, नेहमीसारखं पितंय, तर वेळेत आहात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली ओआरएस, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली, शिवाय एरवीचं दूध, पाणी, जेवण चालू.

मूल किरकिरं झालंय, डोळे आत गेलेत, वाटी दिसली की झडप घालून पितंय, चिमूट हळू सपाट होतेय: यांतल्या दोन खुणा असल्या तर दवाखान्यात नेऊन, डॉक्टर किंवा परिचारिकेच्या नजरेखाली, चार तासांत किलोला 75 मिली या हिशोबाने ओआरएस द्यायचं असतं. दहा किलोच्या मुलाला 750 मिली. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण पाच मिलीच्या चहाच्या चमच्याने तो दीड मिनिटाला साधारण एक चमचा एवढाच होतो. जाताना वाटेतही चमचा चालू ठेवा. चार तासांनी त्याच चार खुणा पुन्हा बघायच्या. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्यावं.

आणि मूल मलूल पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, पाणी तोंडातून बाहेर येतंय, डोळे पार खोल गेलेत, चिमूट दोन सेकंद तशीच राहतेय: अशा दोन खुणा दिसल्या की घरी प्रयोग करण्यात एक मिनिटही घालवू नका. 108ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या वाहनाने निघा. तिथे शिरेतून 'रिंगर लॅक्टेट' नावाचं क्षारांचं सलाइन देतात, आणि त्यातही मुख्य काम सोडियमचंच असतं. वाटेत मूल गिळू शकत असेल तरच घोट घोट द्या. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतू नका.

टाळू खोल गेलेली दिसणं ही लहान बाळातली खरी खूण आहे. ती साधारण दीड वर्षापर्यंत बघता येते. पण 'टाळू पडली' म्हणून तेल भरणं किंवा आतून टाळा दाबणं यात वेळ जातो आणि पाणी जातच राहतं. टाळू वर येते ती पाणी भरल्यावर. लघवीचंही लक्ष ठेवा. पातळ शी डायपरमध्ये शोषली जाते आणि लघवी झाली की नाही तेच कळत नाही. आजारपणात शक्य असेल तर सुती लंगोट बांधा. सहा-आठ तासांत लघवी नाही, शीत रक्त, हिरवी उलटी, पोट फुगलेलं, दिलेलं सगळं उलटून पडतंय, झटका आला, किंवा बाळ तीन महिन्यांहून लहान आहे, तर खुणा मोजत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

'ओआरएस दिलं की उलटतं' ही तक्रार बहुतेक वेळा वेगामुळे असते. तहानलेल्या मुलाला बाटलीने दिलं की ते शंभर मिली एका दमात पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण उलटी होणाऱ्या बहुतेक मुलांना सलाइनपासून हेच वाचवतं.

पुडी मिळेपर्यंत घरी काय? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाच मिलीच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचं काढून टाकलेलं. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून ही सोय तात्पुरतीच. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी चांगलं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे ते सोबत चालेल, ओआरएसच्या जागी नाही. कोकम सरबत, उसाचा रस, डब्यातले रस, चहा आणि सोडा बाजूला ठेवा.

अंगावरचं दूध एकदाही तोडू नका. लंघनाने जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र वाळतं. मऊ खिचडी, वरणभात, दही, केळं थोडं थोडं, पण जास्त वेळा द्या, आणि वर चमचाभर तेल-तूप घाला. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. आतड्याची हालचाल थांबते, संसर्ग आत कोंडतो. रक्त पडत नसेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकचंही काम नसतं.

झिंक मात्र हवं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, असे 14 दिवस. विरघळणारी गोळी चमचाभर ओआरएसमध्ये किंवा आईच्या दुधात टाकली की अर्ध्या-एक मिनिटात फुटते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या सोडू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता या चौदा दिवसांनीच कमी होते. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशासेविकेकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावरच दोन पुड्या घरात आणून ठेवा, आणि त्या एक लिटरच्या आहेत की 200 मिलीच्या, ते पेनने वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.