मंगोलांविरुद्धचा फतवा आणि सादात यांची हत्या

कुठे दहशतवादी हल्ला झाला की दोन ठरावीक उत्तरं फिरू लागतात. एक, ‘हे चौदाशे वर्षं असंच चाललंय.’ दुसरं, ‘हे सगळं अमेरिकेनं 1980 च्या दशकात अफगाणिस्तानात घडवलं.’ खरा प्रश्न या दोन्हींतून निसटतो. सुन्नी धर्मशास्त्रातल्या मुख्य प्रवाहानं शतकानुशतकं मुस्लिम राज्यकर्त्याविरुद्धचं बंड निषिद्ध मानलं. मग त्याच शास्त्राचा आधार सांगत 6 ऑक्टोबर 1981 रोजी कैरोत लष्करी संचलन चालू असताना इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना ठार कसं मारलं गेलं?

उत्तराची किल्ली आहे तकफीर, म्हणजे स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्याला काफिर ठरवणं. हे आधी केलं खारिजींनी, म्हणजे इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या एका बंडखोर पंथानं. 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अलींनी लवाद मान्य केला, तेव्हा ‘निवाडा फक्त अल्लाचा’ म्हणत ते अलींच्या गोटातून बाहेर पडले आणि 661 मध्ये त्यांच्यातल्याच एकानं अलींची हत्या केली. या यादवीनं पोळलेल्या पंडितांनी पुढे भूमिका घेतली की पापी मुसलमानही मुसलमानच; त्याच्या ईमानाचा (श्रद्धेचा) फैसला माणसानं करू नये.

आता सन 1300 च्या आसपासचं दमास्कस. इराणचा मंगोल राजा गाझान खान 1295 मध्ये मुसलमान झालेला आणि तरीही मामलुकांच्या, म्हणजे इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मुस्लिम राजवटीच्या, सीरियावर चालून आलेला. त्याच्या सैन्यातही कलमा पढणारे होते. अशांशी लढावं का, या पेचावर इब्न तैमिया (1263–1328) या पंडितानं फतवे दिले. लहानपणी मंगोलांच्याच भीतीनं त्याच्या कुटुंबाला हर्रान हे गाव सोडावं लागलं होतं. त्याची मांडणी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. पहिले खलिफा अबू बक्र जकात (धर्मानं बंधनकारक केलेलं दान) नाकारणाऱ्या टोळ्यांशी लढले होते आणि त्या टोळ्या कलमा पढत होत्या. अली खारिजींशी लढले, तेही नमाजी होते. म्हणजे शरीयतचा सर्वमान्य नियम एखादा सशस्त्र गट सामूहिकपणे नाकारत असेल, तर कलमा पढूनही तो लढाईला पात्र ठरतो. मंगोल शरीयतऐवजी चंगीजखानाचा ‘यासा’ हा कायदा पाळतात, म्हणून त्यांच्याशी लढा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा फतवा बाहेरून आलेल्या सैन्याविरुद्ध होता. मामलुक राज्यकर्त्यांनी इब्न तैमियाला अनेकदा तुरुंगात टाकलं, दमास्कसच्या किल्ल्यात कैदेतच त्याचा मृत्यू झाला, तरी त्यांच्याविरुद्ध बंडाची हाक त्यानं दिली नाही. समाजमाध्यमांवर त्याची एखादी ओळ उचलून ‘बघा, मूळ इथेच’ म्हणणारे आणि त्याच ओळीवर बंदुका उचलणारे, दोघेही हा संदर्भ गाळतात.

विसाव्या शतकात वसाहतींची राजवट, 1924 मध्ये खिलाफतीचा अंत आणि 1928 मध्ये इजिप्तमधल्या इस्माइलियात मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेची स्थापना, असं सगळं घडत गेलं. एक धागा आपल्याकडूनही जातो. अबुल आला मौदुदी यांचा जन्म 1903 मध्ये औरंगाबादचा. सार्वभौमत्व फक्त अल्लाचं, माणसानं केलेले कायदे त्याविरुद्ध, ही त्यांची मांडणी अरबी अनुवादांतून इजिप्तमधल्या ब्रदरहूडचा विचारवंत सय्यद कुत्ब याच्यापर्यंत पोचली. मौदुदींचा पक्ष पाकिस्तानात निवडणुका लढवत राहिला. कुत्ब मात्र 1954 पासून इजिप्तचे सत्ताधीश नासर यांच्या तुरुंगात होता. 1957 मध्ये तुरा तुरुंगात ब्रदरहूडचे एकवीस कैदी पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेले. मारणारेही मुसलमान म्हणवत होते. अशा अनुभवातून कुत्बनं निष्कर्ष काढला की ही व्यवस्थाच इस्लामपूर्व अज्ञानात, जाहिलियतमध्ये परतली आहे. 1966 मध्ये त्याला फाशी झाली. ब्रदरहूडचे तेव्हाचे प्रमुख हसन अल-हुदैबी यांच्या नावानं या तकफीरचं खंडन करणारा ग्रंथ निघाला, पण तुरुंगातली तरुण मुलं वेगळं शिकून बाहेर पडली.

कैरोतल्या अब्दुस्सलाम फरज नावाच्या विजेच्या अभियंत्यानं मग इब्न तैमियाचा फतवा आणि कुत्बचा निष्कर्ष ही दोन टोकं जोडली. त्याच्या पुस्तिकेचं सूत्र असं: इजिप्तचे युरोपीय वळणाचे कायदे म्हणजे आजचा ‘यासा’, सादात म्हणजे आजचा मंगोल, म्हणून जेरुसलेमसाठी लढण्याआधी घरातल्या शत्रूशी लढा. फरजच्या गटानं केलेल्या सादात यांच्या हत्येनंतर इजिप्तचे मुफ्ती (फतवे देणारे प्रमुख धर्मपंडित) जाद अल-हक यांनी मुद्देसूद उत्तर लिहिलं: मुस्लिम शहरं लुटणाऱ्या मंगोलांची आणि आपल्या सैन्याची तुलनाच होत नाही. फरजला 1982 मध्ये मृत्युदंड झाला.

तकफीरला आतून लगाम नसतो, हे अल्जीरियात दिसलं. 1990 च्या दशकात जीआयए या सशस्त्र इस्लामी गटानं आधी सरकारला, मग विरोधी गटांना, शेवटी गटाच्या मागे न येणाऱ्या सगळ्या समाजालाच धर्मभ्रष्ट ठरवलं. 1997 मध्ये राईस आणि बेंतल्हा या वस्त्यांमध्ये एकेका रात्रीत शेकडो सामान्य मुसलमान कापले गेले. परदेशातल्या जिहादी पाठीराख्यांनीही जीआयएची साथ सोडली होती आणि 1998 मध्ये त्याच्याच कमांडरांनी फुटून वेगळा गट काढला.