टी पेशी ब्रेक का लावतात?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेली बाटली दिसली की मला प्रयोगशाळेतले क्षयाचे उंदीर आठवतात. त्यांची प्रतिकारशक्ती खरोखरच वाढवली होती. त्यांचं काय झालं, ते पुढे येईलच.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधलेला क्षयाचा जिवाणू अतिशय संथ आहे. ई. कोलाय हा जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो; याला जवळजवळ एक दिवस लागतो. शिवाय ज्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, त्यांच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो. त्यामुळे टी पेशींना, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, महिनोन्‌महिने लढावं लागतं आणि त्या लढाईत त्या स्वतःच बदलतात.

लढायला उठलेली टी पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-1 नावाचं प्रथिन आणते. संसर्ग लवकर संपला तर ते ओसरतं, रेंगाळला तर टिकून राहतं. मॅक्रोफेजवर त्याचा जोडीदार असतो, पीडी-एल1. दोघांची गाठ पडली की जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं. ‘शत्रू दिसला’ हा निरोप टी पेशीच्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, तो फॉस्फेटचे गट चिकटवत. पीडी-1 चं आतलं टोक एसएचपी-2 या विकराला बोलावतं आणि ते विकर हे फॉस्फेट उतरवत सुटतं. निरोप वाटेतच विरतो. पेशी जिवंत असते, शत्रूला ओळखत असते, पण हात आखडता घेते.

हा ब्रेक सोडवणारी औषधं कर्करोगावर गुणकारी ठरली; त्यामागच्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं. मग क्षयातही तो काढून टाकावा, असं कुणालाही वाटेल. पण पीडी-1 चं जनुकच नसलेले उंदीर क्षयाने साध्या उंदरांपेक्षा लवकर मेले. त्यांच्या टी पेशींनी फुप्फुसांत इंटरफेरॉन-गॅमा या मॅक्रोफेजना चेतवणाऱ्या प्रथिनाचा पूर आणला, ऊती सडल्या आणि जिवाणू उलट फोफावले. इंटरफेरॉन-गॅमा अजिबात नसेल तरीही उंदीर मरतात. प्रश्न प्रमाणाचा आहे.

त्याहून नवल म्हणजे, साध्या उंदरांत केएलआरजी-1 हे प्रथिन मिरवणाऱ्या, इंटरफेरॉन भरभरून सोडणाऱ्या टी पेशी बहुतांशी रक्तवाहिन्यांतच अडकून राहतात. फुप्फुसाच्या ऊतीत शिरतात, विभाजित होत राहतात आणि जिवाणूला खरा आवर घालतात त्या पीडी-1 बाळगणाऱ्या पेशी.

कर्करोगावर पीडी-1 रोखणारी औषधं घेतलेल्या काही रुग्णांमध्येही क्षयाने डोकं वर काढल्याची नोंद आहे.