"शेल संपले वाटता": फ्युनरल डूमच्या संथपणाची पार्श्वभूमी

जून-जुलैत मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. उरतो तो पाऊस आणि घरात बसूनही ऐकू येणारी गाज. अशाच एका संध्याकाळी मी फ्युनरल डूमचा, म्हणजे हेवी मेटलच्या एका अतिसंथ, उदास प्रकाराचा, अल्बम लावला, तर आजी आतून म्हणाली, "शेल संपले वाटता रे!"

तिचा कान पक्का. शेल उतरले की कॅसेट संथ होते आणि सूरही खाली घसरतो. या संगीतात दोन्ही मुद्दाम केलेलं असतं, आणि त्याची सुरुवात बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाली. तिथल्या यंत्रात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या, पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेल्या पोराच्या, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा घेतल्या आणि १९७१च्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी त्या पेटीच्या तीन पट्ट्यांइतक्या खाली उतरवल्या. सैल तार जड घुमते.

त्याच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. सुरुवातीला पाऊस, गडगडाट, चर्चची घंटा आणि मग षड्ज, वरचा षड्ज, तीव्र मध्यम. तिकडे या जोडीला सैतानी म्हणतात. मारवा, पूरिया ऐकलेल्या कानाला ती फार तर कातरवेळ वाटेल.

ऐंशीच्या दशकात स्वीडनच्या कँडलमासने डूम, म्हणजे सॅबथच्या वाटेचं हे संथ, जड मेटल, पुढे नेलं, नव्वदीच्या आरंभी इंग्लंडच्या बँडांनी त्यात डेथ मेटल या आणखी आक्रमक प्रकाराची गुरगुर मिसळली. फ्युनरल डूमकडे खरी उडी फिनलंडची. थर्गोथॉनचा एकमेव पूर्ण अल्बम १९९४ साली आला, तोवर बँड मोडलाही होता. १९९५ साली स्केप्टिसिझमचा 'स्टॉर्मक्रोफ्लीट' आला. त्यात ऑर्गन होता.

लय मिनिटाला साठ मात्रांच्याही खाली गेली की दोन ठोक्यांमधली जागा भरायची कशाने? गिटारचा खरखरीत, लांबत जाणारा झंकार ती भरतो, आणि भजनात भाता हलवत पेटीचा एकच सूर धरून ठेवावा तसा ऑर्गन. विलंबित ख्यालात निदान तबल्याचा ठेका सम कुठे आहे ते सांगत राहतो. इथे तो दिलासा नाही, पुढचा ठोका येईपर्यंत ताटकळायचं. माझ्या मते सगळी उदासी या ताटकळण्यात आहे, शब्दांत फारशी नाही. ते तर कळतही नाहीत.

जर्मनीच्या अहाबने २००६ साली 'मोबी डिक' या देवमाशाच्या कादंबरीवर अख्खा अल्बम केला. आमच्याकडे बांगड्याचा हिशेब चालतो, देवमाशाचा नाही, तरी त्यातली गाज ओळखीची वाटते.

सिएटलच्या बेल विचकडे गिटारच नाही, मुख्यतः बास आणि ड्रम. २०१७ सालचा त्यांचा 'मिरर रीपर' म्हणजे ८३ मिनिटांची एकच रचना. त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ साली वारला. त्याचं पूर्वी ध्वनिमुद्रित केलेलं, न वापरलेलं गायन त्यांनी या रचनेत घेतलं. मधोमध तोच गातो.