धार्मिक एचिंग कसं वाचायचं

एचिंग म्हणजे ॲसिडने खाल्लेल्या रेषेचं छापचित्र. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र ओरखडायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडायची, जिथे धातू उघडा पडलाय तिथेच तो खाल्ला जातो, मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. कागदावर डावं-उजवं उलटं येतं. बडोद्यात फाइन आर्ट्सच्या स्टुडिओत ज्याने एकदा हात काळे केलेत त्याला हे सांगावं लागत नाही, पण चित्रात देव दिसला की आपण आधी कथा विचारतो आणि प्लेट विसरतो, तिथेच घोळ होतो.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४८ च्या सुमाराचं ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ घ्या. येशू मधोमध, उजवीकडे अंधारातून येणारे आजारी लोक, डावीकडे वाद घालणारे पंडित. हे पंडित नुसत्या बाह्यरेषेत, जवळजवळ कोरे सोडलेत, आणि उजवीकडे रेघांवर रेघा मारून काळोख दाटवलाय. हात जोडलेल्या म्हातारीची सावली थेट येशूच्या झग्यावर पडते! यात एचिंगसोबत ड्रायपॉइंटही आहे, म्हणजे सुई सरळ धातूत घुसवायची, तिने उठलेली कड शाई धरते आणि मखमली काळा येतो, पण थोड्याच प्रतींत ती कड चेपते. म्हणून सुरुवातीच्या प्रतींचा भाव जास्त.

आता हे घेणार कोण? रेम्ब्रांटच्या हॉलंडमधल्या कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चमध्ये पूजेला चित्रं नव्हती, तेव्हा असे कागद घरी, संग्राहकांच्या हाती जात, आणि नावच शंभर गिल्डर (तिथलं नाणं) किमतीवरून पडलंय. आपल्याकडे उलटं. रविवर्म्याने सयाजीरावांसाठी १४ पौराणिक चित्रं केली ती राजवाड्यात, पण १८९४ ला मुंबईत त्याचा छापखाना निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्या दगडावरून छापलेल्या, दर रंगाला वेगळा दगड, एचिंग नव्हेच. पण फ्रेमच्या काचेवर आजीने लावलेलं कुंकू बघितलं की चित्राचं काम काय होतं ते कळतं. रेम्ब्रांटच्या कागदाला कुंकू कोण लावणार, तो हातात घेऊन, उजेडाकडे धरून बघायचा. १७७५ ला बेली नावाच्या कॅप्टनने ‘हंड्रेड गिल्डर’ची झिजलेली प्लेट पुन्हा कोरली, नव्या प्रती काढल्या, आणि मग प्लेटचेच चार तुकडे करून तेही छापले.