तुरुंगाबाहेरचे पहिले वर्ष

अमेरिकेतल्या ३० राज्यांच्या तुरुंगांतून २००५ साली सुटलेल्या चार लाखांहून अधिक कैद्यांचे पुढे काय झाले, याची नोंद तिथल्या सरकारी सांख्यिकी विभागाने पाच वर्षे ठेवली. चारांतल्या तिघांना पुन्हा अटक झाली. (अटक म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.) मला त्याहून बोलका वाटतो तो पुढचा आकडा: पुन्हा पकडल्या गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या वर्षातच अटक झाली होती.

ज्यांची सवय मुरलेली, ते लवकर सापडतात, हे त्याचे एक कारण. पण सुटलेल्या माणसासाठी कोणती दारे उघडी असतात, तेही पाहायला हवे. समाजशास्त्रज्ञ डीव्हा पेजर यांनी ते मोजूनच पाहिले. मिलवॉकी शहरात त्यांनी सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे तरुण नोकरी मागायला पाठवले. जोडीतला एक जण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगल्याचे सांगायचा. ही भूमिका दोघे आलटून पालटून करायचे. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या तरुणांत पाटी कोरी असेल तर ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, शिक्षा झालेली असेल तर १७ टक्के. कृष्णवर्णीयांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे निर्दोष कृष्णवर्णीय तरुण शिक्षा भोगून आलेल्या गोऱ्याच्याही मागे पडला!

आपल्याकडे पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यापाशी घोडे अडते. घरभाडे थकलेले, उधारी मिळत नाही, आणि लगेच पैसे द्यायला तयार कोण, तर बराकीत ओळख झालेला जोडीदार.

नॉर्वेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती वापरली. तिथे खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल, हे बरेचसे योगायोगावर ठरते. कुणी कडक, कुणी सौम्य. त्यामुळे सारख्याच आरोपींपैकी तुरुंगात गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची तुलना करता आली. तुरुंगात गेलेल्यांनी पुढे गुन्हे कमी केले. हा फरक पडला तो मुख्यतः आधी बेकार असलेल्यांत, कारण त्यांना तिथे कामाचे प्रशिक्षण मिळाले आणि सुटल्यावर नोकरीही लागली. नुसत्या भिंतींनी हे घडले नसते.

ही वाट आपल्यालाही नवी नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैदी भिंतींवाचून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. राजस्थानात सांगानेरचे खुले कारागृह १९६३ पासून चालू आहे. अशा ठिकाणी वागणूक पाहूनच कैदी निवडतात, त्यामुळे सगळे श्रेय व्यवस्थेला देता येणार नाही. तरी तिथली रीत समजून घेण्याजोगी आहे. कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात, स्वतःच्या कमाईवर घर चालवतात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. शिक्षा संपते तेव्हा त्यांच्यापाशी काम आणि घरची माणसे आधीपासूनच असतात.