थायमसच्या गाठी : हार्मोन, मार्कर आणि २००४ची गल्लत

थायमस ही उरोस्थीमागची, टी-पेशी घडवणारी ग्रंथी. १९७२ पर्यंत तिच्यातली एसीटीएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथींना चेतवणारं हार्मोन) स्रवणारी गाठ बहुधा थायमोमा, म्हणजे थायमसच्या एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींची गाठ, म्हणूनच नोंदली जाई. चेहरा गोल सुजलेला, पोटॅशियम घसरलेलं, कातडी काळवंडलेली, असा कुशिंग सिंड्रोमचा (कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचा) रुग्ण आणि मूळ मात्र उरोस्थीमागे दडलेलं. त्या वर्षी ही गाठ कार्सिनॉइडच्या, म्हणजे हार्मोन स्रवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या गाठींच्या, जातीची असल्याचं मांडलं गेलं आणि ती थायमोमापासून वेगळी निघाली.

पुढची मोठी भर मार्करची, म्हणजे पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांची. थायमिक कार्सिनोमाच्या (एपिथेलियल पेशींच्याच, पण जास्त आक्रमक कर्करोगाच्या) पेशी सीडी५ हा मार्कर दाखवतात, थायमोमाच्या सहसा नाही, हे १९९४ साली पुढे आलं. स्लाइड वाचताना इथेच चकवा बसतो. सीडी५ मुळात टी-पेशींचा मार्कर. थायमोमात लिम्फोसाइट (इथे टी-पेशी) खच्चून भरलेले असतात, ते तपकिरी रंगतातच. बघायची असते ती एपिथेलियल पेशी. शिवाय लिम्फोसाइट टीडीटी हा मार्कर दाखवत असतील, म्हणजे अपरिपक्व असतील, तर कौल थायमोमाकडे झुकतो.

एवढं हाताशी असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४च्या वर्गीकरणात न्यूरोएंडोक्राइन गाठी थायमिक कार्सिनोमाच्या खात्यात टाकल्या गेल्या. बाजूने मांडला जाणारा मुद्दा खोटा नव्हता : थायमसमधला कार्सिनॉइड सौम्य दिसला तरी पसरतो, शस्त्रक्रियेनंतरही उलटतो. पण आक्रमकता सारखी म्हणून कूळ एक ठरत नाही. या गाठीत क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफिजिन (न्यूरोएंडोक्राइन पेशींचे मार्कर) गाठभर पसरलेलं दिसतं. कार्सिनोमात दिसलंच तर तुरळक पेशींत. आणि रिपोर्टवर नुसतं ‘कार्सिनोमा’ आलं, तर एसीटीएच तपासायचं, मेन-१ या आनुवंशिक विकारासाठी कॅल्शियम बघायचं, घरच्यांची चौकशी करायची, हे सुचणार कुणाला? माझ्या मते हा निर्णय चुकलाच. २०१५ मध्ये या गाठींना स्वतंत्र गट मिळाला, नावंही फुप्फुसातल्या गाठींसारखी ठेवली गेली.

आता चर्चा पीडी-एल१ची, म्हणजे प्रतिकारपेशींना रोखणाऱ्या प्रथिनाची, आहे. थायमसच्या एपिथेलियल गाठींत तो बऱ्याचदा भरपूर दिसतो, म्हणून इम्युनोथेरपीची आशा वाढली. थायमोमात मात्र आधीच स्वप्रतिकारक विकारांची, विशेषतः मायस्थेनियाची (स्नायू दुबळे करणाऱ्या विकाराची) साथ असते. अशा रुग्णांत ही औषधं हृदयाच्या स्नायूला जीवघेणी सूज आणू शकतात. त्यामुळे पीडी-एल१चा आकडा वाचण्याआधी गाठ थायमोमा आहे की कार्सिनोमा, हे स्लाइडवर पक्कं व्हायला हवं.