कायद्याने बांधलेलं रॉकेट

15 नोव्हेंबर 2022 ची रात्र, फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटर. टाक्या भरून उभ्या असलेल्या रॉकेटच्या बुडाशी तिघे तंत्रज्ञ गेले. हायड्रोजनची एक झडप गळत होती. त्यांनी नट आवळले आणि ते माघारी फिरले. काही तासांतच नासाचं चांद्रमोहिमांसाठीचं हे रॉकेट, स्पेस लाँच सिस्टिम म्हणजे एसएलएस, पहिल्यांदा उडालं.

हायड्रोजन महाबिलंदर. रेणू सगळ्यात लहान, आणि द्रवरूपात ठेवायचा तर तापमान उणे 253 अंश. त्या गारठ्यात धातू आणि सील आकसतात. जराशी फट मिळाली की हा निसटलाच. मग असलं इंधन घेतलं कशाला? दर किलोमागे जोर उत्तम देतं, हे खरं. पण खरी मेख 2010 च्या कायद्यात आहे. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने बजावलं, की शक्य तिथे स्पेस शटल या आधीच्या अंतराळयानाचेच भाग, कंत्राटं आणि माणसं वापरा, आणि 2016 अखेर रॉकेट तयार ठेवा. शटलची मुख्य इंजिनं हायड्रोजनवर चालायची, म्हणून हेही. सिनेट म्हणजे काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह; टीकाकार याला ‘सिनेट लाँच सिस्टिम’ म्हणतात ते उगाच नाही.

मला सलतात ती इंजिनं. शटलचं हे इंजिन, आरएस-25, घडवलं गेलं ते पुन्हापुन्हा उडण्यासाठी. पहिल्या एसएलएसच्या चार इंजिनांपैकी एकाने 1998 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी, 77 वर्षांचे जॉन ग्लेन यांना अंतराळात नेलं होतं. या खेपेला चारही पॅसिफिकच्या तळाशी गेली. नासाच्याच महानिरीक्षकांनी पहिल्या चार मोहिमांचा खर्च, अंतराळवीरांचं ओरायन यान आणि जमिनीवरची यंत्रणा धरून, उड्डाणामागे 4.1 अब्ज डॉलर काढला.

सरकारच्या बाजूनेही बोलायला हवं. 2010 साली स्पेसएक्स या खासगी कंपनीचं फाल्कन-9 रॉकेट नुकतंच पहिल्यांदा उडालं होतं. त्याहून ताकदवान फाल्कन हेवी यायला 2018 उजाडलं. शिवाय स्पेसएक्सच्या उभारणीतही नासाचा पैसा आहेच. तेव्हा ‘सरकारी की खासगी’ हे भांडण मला फसवं वाटतं. काय हवं ते सरकारने सांगावं. कुठल्या सुट्या भागांतून, हे कायद्यात लिहू नये.

गुरूच्या युरोपा या चंद्राचा अभ्यास करणारं युरोपा क्लिपर हे यान एसएलएसवरूनच पाठवायचं, असंही कायद्यात होतं. पुढे ती अट काढली, सुमारे 2 अब्ज डॉलर वाचले, आणि 14 ऑक्टोबर 2024 ला ते फाल्कन हेवीवरून निघालं. एसएलएसने ते तीन वर्षांच्या आत गुरूपाशी पोचवलं असतं. आता मंगळ आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का घेत ते 2030 मध्ये पोचेल. मी तरी पैसे वाचवून वाट पाहिली असती.